पाकटाची भीती, समुद्राची सहल आणि गावची बोडी

गुरुजी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या तुमच्या शाळेची सहावी ते आठवीची 34 मुलं डिसेंबरात मालवणला निघाली आहेत. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. अशात कुणा पालकाच्या मोबाइलवर स्टिंगरे, म्हणजे पाकट माशाने माणूस मारल्याचा व्हिडिओ आला आणि आता पारावर "पोट्टे पाठवाचे का नाई" हाच विषय आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हा मासा खरंच किती धोक्याचा? तो आपल्या वैनगंगेत असतो का, कारण एक मुलगा सांगतो की त्याच्या आबाजींनी नदीत "परातीएवढा चपटा" जीव धरला होता. आणि मुलांच्या प्रकल्पवहीत लिहायला या माशाकडून घेण्यासारखे पाच बोध.

मी पवनीकडचा, घर ढिवराचं, म्हणजे मच्छीमाराचं. मत्स्यशास्त्र शिकलो आणि पोटासाठी कोकणात गेलो. 18 वर्षं बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद केली. मुशी (म्हणजे शार्क) आणि पाकट माझ्या वाट्याला होते, कारण त्यांचा वास कुणालाच नको असायचा. आता गावाकडे परत येऊन तलावांच्या मच्छीमार संस्थांसोबत काम करतो. दोन्ही पाण्यांत पाय भिजलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

मला विचाराल तर तुमची अडचण त्या माशाची कमी आणि पाण्याची जास्त आहे. तुमची मुलं बोडीत (गावच्या छोट्या तळ्यात), तलावात, धानाच्या बांधीच्या चिखलात वाढलेली आहेत. तळ न दिसणाऱ्या पाण्यात पाय कसा टाकायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, तरी येतं. तीच मुलं आता वेगळ्या पाण्यात उतरणार. गावच्या पाण्यातलं काय सोबत न्यायचं आणि काय घरीच ठेवायचं, एवढं त्यांना कळलं की पालकांची भीती निम्मी जाईल.

आधी ओळख. स्टिंगरेला आपल्या किनाऱ्यावर पाकट म्हणतात, मालवणकडे वागळी. मुशीचा हा जवळचा भाऊबंद. अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा लवचिक. रोहू-कतल्याच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या जोरावर ते मधल्या पाण्यात तरंगून राहतात. पाकटाला ती नाही. पोहणं थांबलं की ते खाली बसतं. त्यामुळे त्याचा बहुतेक जन्म वाळूच्या किंवा गाळाच्या तळाशी जातो, उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी. भरतीबरोबर चरायला किनाऱ्याजवळ यायचं, ओहोटीबरोबर मागे सरायचं. (पाण्यात पाखरासारखे उडत जाणारेही काही पाकट आहेत. ते वेगळं घराणं. मी इथे तळाशी बसणाऱ्यांबद्दल बोलतोय, कारण पायाखाली येतात ते हेच.)

तळाशी राहायचं म्हटलं की पहिली अडचण श्वासाची. रोहू तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो. पाकटाचं तोंड पोटाच्या बाजूला आहे आणि पोट वाळूवर टेकलेलं. तोंडाने पाणी ओढलं तर सोबत वाळूही जायची. म्हणून त्याच्या पाठीवर, डोळ्यांच्या लगेच मागे, दोन भोकं असतात. पाणी वरून तिथे आत येतं आणि पोटाकडच्या कल्ल्यांच्या पाच जोड चिरांतून बाहेर पडतं. बसल्या जागी अंगाची कडेची झालर दोन-चार वेळा फडफडवून पाकट स्वतःवर वाळू ओढून घेतं. मग वर उरतात फक्त दोन डोळे आणि उघडमीट करणारी ती दोन भोकं. मला पहिल्यांदा हे एका म्हाताऱ्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याने, दाखवलं. गुडघाभर स्वच्छ पाणी, तो बोटाने दाखवतोय, आणि मला पाच मिनिटं नुसती वाळूच दिसत होती.

आता त्या आबाजींचा जीव. वैनगंगेत पाकट नाही. ऐकीव नाही सांगत, माझ्या घरच्या तीन पिढ्यांनी त्या नदीत जाळं टाकलंय. पण मुलाचा प्रश्न वेडगळ नाही, कारण नदीत राहणारे पाकट जगात आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांत पाकटांचं एक अख्खं कुळ पिढ्यान्पिढ्या गोड्या पाण्यातच राहतं. कंबोडियात मेकाँग नदीत 13 जून 2022 च्या रात्री एका मच्छीमाराच्या गळाला जवळजवळ 300 किलोचं, सुमारे 4 मीटर लांबीचं पाकट लागलं. गोड्या पाण्यातला आजवर नोंदला गेलेला तो सगळ्यात वजनदार मासा. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर खूणयंत्र बसवलं आणि जिवंत परत सोडलं. आपल्या गंगेतही पाकट आहे. ते 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला.

मग वैनगंगेत का नाही? नकाशा काढा, हा मुलांसाठी चांगला तास होईल. सिरोंच्यावरून अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे, आणि आपलं पाणीही तिकडेच जातं. वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, गोदावरी आंध्रातून समुद्रात. तुमच्या शाळेच्या कौलांवर पडलेला पाऊस मालवणला कधीच पोचत नाही. गोदावरीच्या तोंडाशी समुद्रातले पाकट असतात, पण तिथून तुमच्यापर्यंत शेकडो किलोमीटरची चढण आहे. दौलेश्वरमचा बंधारा 1852 पासून वाटेत उभा आहे, आणि आता मेडीगड्डाचा बंधाराही आहे.

माझा अंदाज असा की आबाजींना मऊ पाठीचं कासव मिळालं असावं. आपल्या नद्यांत ते मोठं होतं. चपटं, गोल, वर ढाल नाही तर चामड्यासारखी कातडी, आणि वाळूत स्वतःला पुरून घ्यायची हुबेहूब तीच सवय. श्वासाची अडचणही तीच, पण तोड वेगळी. ते नळीसारखं लांब नाक वर काढतं. त्याचं धाकटं भावंड तुमच्या बोडीतही असेल. बोडी आटायला लागली की गाळात सापडतं. (धरू देऊ नका, दोन्ही कासवं कायद्याने संरक्षित आहेत.) गुरुजी, माझ्या मते तुमच्या प्रकल्पवहीचं पहिलं पान हेच. एक मासा आणि एक कासव, एकमेकांशी काही नातं नाही, एक खाऱ्या पाण्यात आणि एक आपल्या पाण्यात. दोघांनी तळाशी दबून राहायचं ठरवलं आणि दोघं परातीसारखे चपटे झाले.

आणि एक गंमत सांगतो, ही माझ्या फार आवडीची. पाकट आपल्याकडे नाही हे आजचं खरं. राजुऱ्याच्या पलीकडे तेलंगणात आसिफाबाद आहे. तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत पाकटाच्या भाऊबंदाचे दात सापडलेत. इगडाबाटिस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्याच्या एका जातीला 1993 मध्ये 'इंडिकस' असं नाव दिलं गेलं. ज्वालामुखीतून लाव्हा वाहत होता आणि डायनोसॉर संपत आले होते, त्या म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला हा जीव. सांगाडा कुर्चेचा, म्हणून तो कुजून जातो. मागे उरतात दात. ते बारीक, चपटे, एकाला एक लागून बसवलेल्या फरशीसारखे असतात. शिंपल्या आणि खेकडे भरडायला घडलेले. आबाजी चुकले असतील, पण जागा फारशी चुकली नाही.

दातांवरून खाण्याकडे येतो, कारण इथे खरी कमाल आहे. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली. आपण काय खातोय हे त्याला कधीच दिसत नाही. मग वाळूत दडलेला खेकडा, कोळंबी, शिंपली त्याला सापडते कशी? वासाने काही प्रमाणात, पण मुख्य म्हणजे विजेच्या चाहुलीने. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून अगदी क्षीण वीज वाहत असते. पाकटाच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत चिकट जेलीसारखा पदार्थ भरलेला, आणि त्यातून ती वीज त्याला जाणवते. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने 1678 मध्ये या छिद्रांचं वर्णन केलं, पण ती कशासाठी आहेत हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

हे मुलांना समजवायला फळा लागत नाही. उन्हाळ्यात तलाव आटताना आपल्या बाया गुडघाभर गाळात बसून हाताने चाचपून मासे काढतात ना, डोळे भलतीकडे, गोष्टी भलत्याच, आणि बोटं खाली आपलं काम करत असतात. माझी माय तर पायाच्या अंगठ्याने ओळखायची की खाली मरळ आहे का वाम. पाकटाचं सगळं तोंड म्हणजे मायचा तो अंगठा. वर्गात करायचं असेल तर परातीत ओली वाळू भरा, बोडीतल्या चार रिकाम्या शिंपल्या आणि चार तेवढेच गोटे पुरा, आणि डोळे बांधून शोधायला लावा. कुठलं पोरगं पटकन ओळखतं ते बघा. बहुधा मागच्या बाकावरचं असेल.

शिकार जाणवली की पाकट तोंडाने पाण्याची पिचकारी मारतं, झालर आपटतं, आणि वाळू उकरून खड्डा करतं. ओहोटीला रेतीवर ताटाएवढे उथळ खड्डे दिसले, तर त्यातले काही पाकटांचे असू शकतात. हे खड्डे म्हणजे तळाची नांगरट. खालची माती वर येते, हवा खेळते, दडलेले किडे उघडे पडतात, आणि त्यांवर डोळा ठेवून दुसरे मासे पाकटाच्या मागेमागे फिरतात. नांगरामागे गायबगळे चालतात तसे. बगळ्याचं भलं करायला आपण नांगरत नाही, आणि पाकटही कुणासाठी उकरत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, बोधांकडे वळताना परत लागेल.

आता काटा. व्हिडिओत सांगितलेली घटना खरी आहे. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन हे प्राण्यांवर चित्रीकरण करणारे प्रसिद्ध गृहस्थ 4 सप्टेंबर 2006 रोजी क्वीन्सलँडच्या बॅट रीफवर उथळ पाण्यात मोठ्या पाकटाजवळ पोहत होते. काटा छातीत घुसला. जग हादरलं ते एक तर माणूस नावाजलेला म्हणून, आणि दुसरं म्हणजे असं क्वचितच घडतं म्हणून. पाकटाच्या जखमा होतात, कोकणात मी दर हंगामात पाहिल्या, पण जवळजवळ सगळ्या पावलाला, घोट्याला किंवा मच्छीमाराच्या हाताला.

काटा शेपटीच्या टोकाला नसतो, शेपटीवर मध्येच वरच्या बाजूला असतो. काही पाकटांना दोन-दोनही. दोन्ही कडांना मागे वळलेले करवतीचे दात, त्यामुळे आत सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडतो. वर पातळ कातडीचं आवरण, त्याखालच्या खाचांत विष. जुना काटा झडतो, नवा येतो. शिकारीला या काट्याचा काडीचा उपयोग नाही. तो फक्त अंगावर येणाऱ्यासाठी, आणि हातोडी मुशीपुढे तोही फारसा चालत नाही. तिच्या जबड्यात पाकटाचे काटे रुतलेले सापडतात, तरी ती पाकटं खातच राहते. आपल्या बाबतीत घडतं ते असं: पाकट वाळूखाली बसलेलं, माणूस पाय उचलून बरोबर पाठीवर टाकतो, अंग दाबलं जातं, शेपूट वर उसळते आणि काटा घोट्यात.

त्यावरचा उपाय किनाऱ्यावरचे लोक पूर्वीपासून करतात. पाय उचलायचाच नाही, वाळूवरून घासत सरकवायचा. पाकटाला कडेने धक्का लागला, पाण्यात थरथर जाणवली, की ते पळून जातं. त्याला तुमच्याशी भांडायचं नसतं. आणि तुमच्या मुलांना हे नवीन नाही, गुरुजी. रात्री बांधीवर पाणी बघायला जाताना आपण काठी ठोकत जातो, ते सापाला मारायला थोडंच? "येतोय बापा, सरक" एवढंच सांगायला. मुलांना इतकंच सांगा की समुद्रात काठी नाही, पायच ठोकायचा. ही झाली गावाकडून न्यायची गोष्ट.

लागलंच तर काय करायचं, हे नीट वाचा आणि सोबतच्या दोन्ही शिक्षकांनाही वाचायला द्या. मुलाला पाण्याबाहेर काढा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. बाहेर दिसणारा बारीकसारीक तुकडा काढून जखम धुवा. मग पाय गरम पाण्यात, सोसवेल तितक्या गरम. साधारण 45 अंशांपर्यंत, त्याच्यावर नाही. दुखण्याच्या भरात मुलाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी तुमच्या कोपराने तपासा. अर्धा तास ते दीड तास, पाणी थंड झालं की बदलत. पाकटाचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो, म्हणून वेदना उतरतात. पण वेदना उतरली म्हणजे काम झालं असं नाही. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन आणि एक्स-रे झालाच पाहिजे. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल, किंवा खोल रुतला असेल, तर ओढू नका. तसाच स्थिर ठेवून थेट मोठं इस्पितळ गाठा. वरून करकचून बांधणं, जखम चोखणं, चुना, हळद, तंबाखू यांतलं काहीही नको.

एक्स-रेचा आग्रह धरतो कारण मी स्वतः भोगलंय. धक्क्यावर ढीग निवडताना मेलेल्या पाकटाच्या शेपटीवर गुडघा टेकला. हो, मेलेल्या. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, वरून पट्टी केली आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. मी स्वतः पाकटांचा माणूस, तरी "बरं वाटतंय" म्हणून गप्प बसलो. पाच आठवडे गुडघा सुजून होता. शेवटी नखाएवढा करवती तुकडा निघाला. गरम पाण्याचं मात्र मला कोकणाआधीच माहीत होतं. लहानपणी शिंगी मासा टोचला की माय चुलीवरच्या कोमट-गरम पाण्यात हात धरून ठेवायची आणि मी बोंबलायचो. शिंगीचं विषही उष्णतेनेच नरमतं. मायला कारण ठाऊक नव्हतं, उपाय ठाऊक होता.

मालवणला खरी जागा सांभाळायची ती रापण. किनाऱ्यावरून ओढायचं हे लांबलचक जाळं. सकाळी दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत असतात, आणि तुमची मुलं हे बघून हात लावायला धावणारच. मी तर म्हणतो धावू द्या, याच्याइतकी दुसरी शाळा नाही. रापणकरांना विचारा, बहुधा "येवा" म्हणतील. पण जाळ्याची पिशवी वाळूवर आली की मुलांना दहा पावलं मागे घ्या. त्या ढिगात बांगडा-तारल्यांच्या खाली पाकट असू शकतं, जिवंत आणि चिडलेलं. जाणते मच्छीमार आधी शेपूट कोयत्याने छाटतात, मगच बाकीच्याला हात लावतात. शेपूट छाटली जाईपर्यंत कुणीही वाकायचं नाही, हा एकच नियम. आणि धक्क्यावर पडलेल्या शेपटीशी खेळायचं नाही, मासा मेला तरी काटा मरत नाही.

आता घरी ठेवून यायची गोष्ट. तलावात पोहणाऱ्या पोराला वाटतं, मला पोहता येतं. तलावाचं पाणी उभं असतं. दमलात की उताणे पडा, हातपाय मारा, पाळ जिथे होती तिथेच आहे. समुद्रात तसं नाही. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते, आणि कमरेएवढ्या पाण्यातही ओढ असते. गुरुजी, मला तुमच्या 34 जणांत पाकटाची काळजी जवळजवळ नाही. काळजी आहे त्या चार-पाच पट्टीच्या पोहणाऱ्यांची. गुडघ्याच्या वर पाणी नाही, कितीही हट्ट केला तरी नाही. भरती-ओहोटीची वेळ आदल्या संध्याकाळी स्थानिकांना विचारा. दिवसात दोनदा भरती येते आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल दहाला सुरक्षित होतं ते आज दहाला असेलच असं नाही. बाकी लाटा, वारा, त्या दिवसाची वाळू, यावर इथे बसून मी काही सांगू शकत नाही. किनाऱ्यावरचा माणूस "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका.

म्हणजे सहलीपुरतं: पाय सरकवा, गुडघ्यापर्यंतच, रापणीच्या ढिगापासून दूर, आणि शिक्षकांच्या पिशवीत गरम पाण्याचे दोन मोठे थर्मास.

राहिले पाच बोध. इथे मी तुम्हाला निराश करणार. नमुना म्हणून तुम्ही लिहिलेलं पहिलं वाक्य असं: "पाकटाप्रमाणे शांत राहावे, पण कुणी डिवचल्यास धडा शिकवावा." खोडा ते. पाकट शांत नाही, ते दबलेलं आहे, कारण वरून मुशी फिरते आहे. ते धडाही शिकवत नाही, अंग दाबलं की शेपूट उसळते, तुमच्या गुडघ्यावर वैद्याने हातोडी मारली की पाय उसळतो तशी. आपल्या मनातली गोष्ट माशाच्या तोंडी घातली की मूल मासा बघायचं सोडून देतं आणि सुविचार पाठ करतं. गायबगळ्यांचं मघाशी म्हणालो ते यासाठीच.

त्यापेक्षा मुलांना प्रश्न न्यायला सांगा. एक मी देतो. रोहूची मादी लाखो अंडी घालते आणि मागे वळून बघत नाही. पाकटाची मादी अंडी बाहेर घालतच नाही. पिल्लं पोटातच वाढतात, आईच्या गर्भाशयातून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. एका वेळी थोडीच, अनेक जातींत दोन-चार, आणि जन्मतात ती आईची हुबेहूब छोटी प्रत होऊन. जाळ्यात सापडलेली गाभण मादी कधीकधी घाबरून तिथेच पिल्लं टाकते. विड्याच्या पानासारखी गुंडाळलेली ती पिल्लं मी धक्क्याच्या ओल्या फरशीवर उलगडताना पाहिलीत. एक-दोन वेळा एका तांडेलाने (होडीच्या मुख्याने) ती ओंजळीत घेऊन परत पाण्यात सोडली. जगली की नाही, कुणास ठाऊक. आता प्रश्न असा: तलावात एका वर्षी सगळे मोठे रोहू काढले तर बीज आणून टाकता येतं, पण पाकटाचं काय? तुमच्या गावच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना आणि मालवणच्या रापणकराला, दोघांना हाच प्रश्न मुलांनी विचारावा आणि दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिहावीत. पाच बोधांपेक्षा ते पान भारी होईल.

गणितात रमणारी मुलं असतील तर त्यांना आणखी एक सांगा. 2022 मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या पाकटांना पाचपर्यंतच्या आकड्यांत एकने बेरीज-वजाबाकी शिकवली. निळे आकार दिसले तर एक मिळवायचा, पिवळे दिसले तर एक वजा करायचा, आणि बरोबर उत्तराच्या दारातून जायचं. आठांपैकी चार पाकट शिकले. उरलेल्या चारांना काही जमलं नाही. हे मुलांना जरूर सांगा, विशेषतः ज्यांना जमत नाही त्यांना.

परत आलात की कळवा कसं झालं ते. आणि त्या पोराला आजच आबाजींकडे पाठवा, म्हातारी माणसं अशा गोष्टी बारकाव्याने आठवतात. एवढंच विचारायचं: तो जीव धरण्याआधी वाळूतून काय वर आलेलं दिसलं होतं, नाक का डोळे?